वरच्या दोन खोल्या दाखवताना

चौतीस वर्षं एसटीत तिकिटं फाडल्यावर माणूस तोंड बघून ओळखता येतो, असं महादू सकपाळ यांचं मत होतं. पोलादपुरात स्टँडपासून सात मिनिटांवर त्यांचं घर. वरच्या दोन खोल्या त्यांनी तोंडं बघूनच तीनदा भाड्याने दिल्या. पहिल्या भाडेकरूने गॅलरीत बोंबील वाळवले. दुसऱ्याने आतल्या खोलीत मोटारसायकल उघडली आणि तिचे निम्मे भाग तिथेच टाकून गेला. तिसरा अतिशय सभ्य होता. तो एका मंगळवारी कुलूप लावून गेला तो गेलाच. कुलूप फोडलं तेव्हा आत प्लास्टिकच्या सोळा खुर्च्या निघाल्या.

महादूभाऊंनी मत बदललं नाही. तिघेही उजेडाकडे पाठ करून उभे होते, तोंड नीट दिसलं नाही, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

खोल्या खरं तर मुलासाठी, विपुलसाठी बांधलेल्या, पण तो नालासोपाऱ्यालाच राहिला. त्याची बायको सलोनी तिकडे फ्लॅट विकणाऱ्या एका ऑफिसात होती. ती फोनवर म्हणाली, "बाबा, रिकामी खोली दाखवूच नका. सजवून दाखवा. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपण इथे राहायलाच लागलोय. इकडे त्याला स्टेजिंग म्हणतात. चांगले भाडेकरू अशानेच येतात."

सांगितलेलं काम मन लावून करायची महादूभाऊंना सवय होती. भिंतींना रंग झाला. मग खालचा पलंग वर गेला. पलंगाबरोबर गादी गेली, कारण नुसता पलंग बरा दिसेना. मग टेबल, टेबलफॅन, आरसा, पाहुण्यांच्या कपबशा आणि भिंतीवरचं घड्याळ गेलं. मंजुळाबाई अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेल्या. भिंती सजवण्यात त्यांचाही जन्म गेला होता. आठ दिवस त्यांनी वर जाणाऱ्या सामानाला वाट करून दिली. नवव्या दिवशी कपाट उघडून म्हणाल्या, "अहो, माझी मोरपंखी साडी कुठाय?"

"खिडकीला हाय."

"अख्खी?"

"दोन खिडक्यांना."

त्या दिवसापासून दोघं खाली चटईवर झोपत होते. चटई पाठीला बरी असते, असं महादूभाऊ रोज सकाळी उठताना म्हणत. उठायला त्यांना थोडा वेळ लागे.

स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान असलेला किशोर लोकांना खोल्या बघून द्यायचा. त्याने वर येऊन सगळं पाहिलं, पडद्यांना हात लावला आणि म्हणाला, "काका, एक नंबर. फक्त ती तसबीर तेवढी खाली घ्या. माझं काय नाय हो, लोकांचं सांगतो. सगळ्या प्रकारची माणसं येतात."

तसबीर बुद्ध आणि बाबासाहेबांची होती. नोकरी लागली त्या वर्षी मार्चमध्ये महादूभाऊंनी ती महाडला चवदार तळ्याजवळ घेतली होती. किशोर गेल्यावर त्यांनी ती उतरवली आणि टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली. संध्याकाळी मंजुळाबाई वर केर काढायला गेल्या आणि लगेच खाली आल्या.

"खिळा मोकळा का?"

महादूभाऊंनी किशोरचं म्हणणं सांगितलं.

"साडी फाडलीत, बोलले नाही," मंजुळाबाई म्हणाल्या. "तसबीर बघून जो परत जाईल तो आपल्या डोक्यावर राहायला हवाय कशाला?" त्यांनी तसबीर कपाटातून काढून पुसली आणि वर जाऊन स्वतः स्टुलावर चढून लावली. स्टूलही वरच होतं.

रविवारी एका पतसंस्थेतले साहेब बायकोला घेऊन आले. बाईंना पडदे फार आवडले. साहेबांनी पलंगावर बसून बघितलं, फॅन लावून बघितला आणि मग भिंतीकडे बघितलं.

"सकपाळ म्हणजे, तुम्ही मूळचे कुठले?"

"इथलेच."

"तसं नाही. म्हणजे..."

"म्हणजे तेच," मंजुळाबाई म्हणाल्या.

"फोन करतो," साहेब म्हणाले. फोन आला नाही. नंबर त्यांनी घेतलाच नव्हता.

महादूभाऊ त्या दिवशी बराच वेळ वरच बसून राहिले. मंजुळाबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा ते म्हणाले, "बदली झाली तेव्हा मी खोली शोधत फिरलो होतो. तीन घरांत आडनाव सांगितलं. तिन्ही खोल्या तेवढ्यात भरल्या. महिनाभर मी डेपोच्या बाकावर झोपलो. तुला सांगितलं नव्हतं."

"चहा घ्या," मंजुळाबाई म्हणाल्या आणि शेजारी बसल्या.

पुढच्या आठवड्यात राजश्री आली. ती सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नुकती लागली होती. सोबत तिची आई येसूबाई, उमरठहून पहिल्या गाडीने आलेली. राजश्री वर खोल्या बघायला गेली. येसूबाई वर गेलीच नाही. तिने अंगणातला नळ सोडून पाहिला आणि सरळ खालच्या घरात शिरली.

"खोल्या वर आहेत," महादूभाऊ म्हणाले.

"खोली कुटं पळतेय? पोरगी एकटी ऱ्हानार हाय. मी घरवाली मान्सं बघाया आलेय."

तिने सगळं घर नजरेखालून घातलं. एक चटई, एक कपाट, चूल, चार भांडी. भिंतीवर घड्याळाच्या जागी पांढरा गोल. ती मंजुळाबाईंजवळ गेली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "गो बाय, चोरी झाली का काय?"

मंजुळाबाईंना महिन्याभरात पहिल्यांदा हसू आलं, ते आवरेना. हसत हसतच त्यांनी सगळं सांगितलं, साडीपासून साहेबांपर्यंत. येसूबाई मात्र हसली नाही. "म्हंजे दुसऱ्यासाटी तुमी भुईवर झोपताव?" तिने विचारलं आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "राजे, खाली ये. हितं ऱ्हायचं."

राजश्री खाली आली. खोल्या छान आहेत म्हणाली. फक्त सामान काढाल का, पलंग-कपाट माझं आहे.

महादूभाऊंनी होकार दिला. तसबिरीचं कसं करायचं, हे त्यांनी घसा साफ करून विचारलं.

"तुमची भिंत हाय," येसूबाई म्हणाली. "तुमास पायजे तर ऱ्हाऊ द्या, पायजे तर न्या. आमाला इचारता कशाला?"

मंजुळाबाईंनी ती खाली आणली, घड्याळाच्या पांढऱ्या गोलावर लावली. घड्याळाला महादूभाऊंनी नवा खिळा ठोकला.

पहिल्या तारखेला टेम्पो आला. त्यात पलंग, कपाट, नाचणीचं पोतं, येसूबाई आणि एक कोंबडी होती. येसूबाई कधीमधी येऊन राहील असं ठरलं होतं. कोंबडीचं काही ठरलं नव्हतं. महादूभाऊंनी तिच्या तोंडाकडे नीट, उजेडात बघितलं आणि दार उघडलं.