इंग्रजीच्या तासाला पळालेल्या बायका

काही गोष्टी आपण मुद्दाम जपत नाही, तरी त्या राहतात. शिवणाच्या डब्यात सुटी बटणं साठतात ना, तशा. आमच्या इंग्रजीच्या तासाचे किस्से असेच साठलेत. हसवायला म्हणून सांगायला बसते, आणि दर वेळी लक्षात येतं की यातल्या प्रत्येक किश्शात मी घाबरलेलीच आहे!

तास चालायचा चिंचवडला, आमच्या कॉलनीत, शालिनीताईंच्या बाहेरच्या खोलीत. दुपारी दोनला. शालिनीताई बी.ए. झालेल्या, त्यांचे वडील देहूरोडला कामगार होते आणि लेकीच्या पुस्तकांना कव्हरं स्वतः घालायचे. विद्यार्थिनी आम्ही तिघी. कोकणातून आलेल्या कदम वहिनी, मी, आणि चिखलीहून दूध घालायला येणाऱ्या हौसाबाई. हौसाबाई सावली आहे म्हणून बसायच्या. शिवाय माझी चार वर्षांची मंजू, टेबलाखाली.

तासाचं कारण एकच. जवळ इंग्रजी शाळा निघाली होती आणि तिथं पोरापेक्षा आईचाच इंटरव्ह्यू जास्त घेतात म्हणे. मी मॅट्रिक, इंग्रजीत पास. वाचता येतं, लिहिता येतं, पण बोलायला तोंड उघडलं की घशात कापूस! माझ्यामुळं मंजूची ॲडमिशन हुकणार, हे मी फॉर्म आणायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

* * *

शालिनीताईंकडे नमुन्याच्या वाक्यांचं एक जुनं पुस्तक होतं. त्यातली वाक्यं भलत्याच घरातली. ‘माझ्या काकांच्या माळ्याला बोलवा.’ ‘माझा घोडा तयार आहे का?’

कदम वहिनी म्हणाल्या, “घोडा राहू दे हो. रॉकेल आलंय का, ते कसं विचारायचं?”

ताईंचा नियम असा, की शिकलेलं वाक्य त्याच दिवशी घरी वापरायचं. संध्याकाळी हे कंपनीतून आले. मी दारातच धीर करून म्हटलं, “गुड इव्हिनिंग. प्लीज सिट डाउन.”

हे मटकन बसले. चेहरा पांढराफटक.

“कोण गेलं?”

त्यांचंही बरोबरच होतं. आमच्या घरात इंग्रजी यायचं ते तारेतून, नाहीतर कंपनीच्या नोटिशीतून!

* * *

एकदा वाक्य होतं, ‘मला कुत्र्याची भीती वाटते.’ मी ते पहिल्या दमात म्हटलं. माझ्यासाठी तो सराव नव्हताच, खरी माहिती होती.

हौसाबाईंची पाळी आली.

“म्हणा ना, हौसाबाई.”

“म्या न्हाई भ्यात कुत्र्याला. खोटं कशाला बोलू?”

“अहो, सराव आहे हा.”

“मग त्याला भ्यायला लावा की! कुत्रं मला भितंय, आसं सांगा विंग्रजीत.”

ताईंनी सांगितलं. हौसाबाईंनी ते वाक्य एकदाच म्हटलं, पण असं, की कदम वहिनींनी पाय वर घेतले.

* * *

मग आला माणसाच्या पळण्याचा धडा. माणूस किती वेगानं पळतो, यावर दोन पानं. घोडा माणसाच्या पुढं, कुत्रा पुढं, हरीण तर कुठल्या कुठं. मांजरसुद्धा पुढं! कदम वहिनींना मांजराचं फार लागलं.

ताईंनी प्रश्न घातला, “तुम्ही कधी पळता?”

“नळाला पाणी आलं की,” कदम वहिनी.

माझं उत्तर तोंडात होतं, तेवढ्यात भोंगा झाला. दोन वाजून गेलेले, ना शिफ्ट सुटायची वेळ, ना भरायची. अवेळी भोंगा म्हणजे आत काहीतरी झालंय, हे कॉलनीतल्या पोरासोरांनाही माहीत. हे आत, प्रेस मशीनवर. कदमभाऊ आत.

मंजूला कडेवर घेतलं की काखेत, मला आठवत नाही. चप्पल कोणाच्याच पायात नव्हती. कंपनीच्या गेटवर पोचलो तर हौसाबाई आधीच तिथं उभ्या. साठीच्या बाई! आम्ही डांबरी रस्त्यानं गेलो, त्या मधूनच कुठूनतरी.

गेटवर कोणी कोणाचं नाव विचारत नाही. नाव घेतलं की त्याचंच काहीतरी ऐकावं लागेल, असं प्रत्येकीच्या मनात. नुसतं उभं राहायचं. वॉचमन बाहेर आला आणि आम्हाला बघून तोच घाबरला.

“अहो, नवीन भोंगा बसवलाय. टेस्टिंग!”

कदम वहिनी रस्त्यातच बसल्या आणि रडून घेतलं. दम लागलेल्या ताई, हातात पुस्तक तसंच, म्हणाल्या, “हौसाबाई, तुमचं तर आत कोणी नाही. आणि आमच्या आधी कशा पोचलात?”

“कोन न्हाई. पर हितं माजं श्यात व्हतं. वाट पायाला पाठ हाय.”

* * *

त्या धड्यानं माझं डोकं मात्र फिरलं. मी हिशेब करू लागले. आमच्या दारापासून मुंबई-पुणे रोड किती पावलं, मंजू पळाली तर तिला किती वेळ, मला किती. रोडवर ट्रक दिवसभर. एका रविवारी मी मंजूला पळवून, मागून पळून बघितलं.

हे पायरीवर चहा पीत बघत होते. म्हणाले, “तू हरणार.”

“का? मी पकडलं की तिला!”

“आत्ता पकडलंस. खरंच पळेल तेव्हा तू आधी स्टोव्ह बंद करशील.”

त्याच संध्याकाळी दाराला वरची कडी बसवून घेतली.

* * *

शाळेत इंटरव्ह्यूला पहिली पाळी कदम वहिनींची आली. त्यांनी उत्तरं क्रमानं पाठ केलेली. मोठ्या बाईंनी क्रम बदलला. “मुलगा सकाळी काय खातो?” तर वहिनी म्हणाल्या, “फिटर, फर्स्ट शिफ्ट.”

मुलगा हुशार आहे, पण घरात इंग्रजी बोलणारं कोणीतरी हवं, असं सांगून परत पाठवलं. वहिनी तासाला आल्या, पुस्तक मिटून ताईंच्या टेबलावर ठेवलं.

“तपासलं मला, आणि नापास केलं पोरग्याला!”

त्या दिवशी कोणीच हसलं नाही. पुढचा नंबर माझा होता.

* * *

मी सात वाक्यं तयार केली होती. ह्यांनी रजा टाकली. रस्त्यात म्हणाले, “तू बोल, मी मान हलवतो.”

मोठ्या बाई समोर. “तुमच्या मुलीबद्दल सांगा,” असं इंग्रजीत म्हणाल्या. मला प्रश्न नीट कळला. सातही वाक्यं दिसत होती, ओठापर्यंत एकही येईना. पंखा फिरत होता. मी काहीच बोलत नव्हते आणि हे मान हलवत होते!

बाईंनी फॉर्मवर पेन टेकवलं. मला कदम वहिनींचं मिटलेलं पुस्तक दिसलं.

तेवढ्यात मंजू खुर्चीवरून उतरली आणि माझ्या नि टेबलाच्या मधे जाऊन उभी राहिली.

“मॅडम, आस्क मी,” ती म्हणाली. मग मराठीत, “आईला नका विचारू. ती घाबरते. मी शिकीन आणि घरी मी बोलीन तिच्याशी.”

बाईंनी सही केली, शिक्का मारला आणि फॉर्म माझ्या हातात दिला. टेबलावर वाकून मंजूला विचारलं, अगदी स्वच्छ मराठीत,

“आणि तू गं? तू नाही घाबरत?”

“घाबरते ना,” मंजू म्हणाली. “पण मी लहान आहे. मला चालतं.”