आमच्या खिडकीतलं भूत

माझ्या आईला भूत म्हणून दाखवतात, हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला ठाऊक होतं, कोपऱ्यावरच्या बेकरीत ठाऊक होतं, दिवसभर आईजवळ बसणाऱ्या बाईंनाही ठाऊक होतं. मी मात्र दर शनिवारी संध्याकाळी पिशवी घेऊन बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या मार्केटात मेथीच्या जुड्या उलटसुलट करत उभी असायचे.

आम्ही राहतो ते घर जुन्या छावणीच्या भागातलं आहे. खाली घरमालकाचं कायम कुलूपबंद गोदाम, वर आम्ही दोघी. खिडक्यांवर टोकदार लाकडी टोप्या आहेत, इथे त्यांना मंकी टॉप म्हणतात. कौलांवर शेवाळ, फाटकाशी एक अवाढव्य पर्जन्यवृक्ष. असलं घर दिवसा सुंदर दिसतं. दिवेलागणीनंतर ते कसं दिसतं याचा मी कधी विचार केला नव्हता, कारण तेव्हा मी आत असते.

आईला बेळगावात अर्धांगाचा झटका आला आणि मी तिला इथे घेऊन आले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येऊ शकतं, पण त्यांनी मनावर घेतलं पाहिजे. आईनं मनावर घेतलं नाही. उच्चारांचा सराव करून घ्यायला एक मुलगी यायची, ती आली की आई डोळे मिटून घ्यायची. मग हळूहळू जेवणावरचंही तिचं मन उडालं. चमचा ओठांशी नेला की दात घट्ट. मी तापट आहे. घरात आधी माझा आवाज येतो, मग मी. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात दिवसभर माल पुरवणाऱ्यांशी वाद घालायचा आणि घरी येऊन पेजेची वाटी घेऊन आईशी. रागवायचं, विनवायचं, परत रागवायचं. ती माझ्या डोळ्यांदेखत सरत चालली होती. तिनं जगायचं मनावर घ्यावं, एवढंच मला हवं होतं आणि तेवढंच माझ्या हातात नव्हतं.

फक्त शनिवारी रात्री ती जेवायची. मऊ भात, आमटी, एकदा तर दुधात कुस्करलेली अर्धी पोळी. याचं श्रेय मी न्हाण्याला दिलं होतं. शनिवारी दुपारी मी तिला डोक्यावरून आंघोळ घालते. तिचे केस अजून कमरेपर्यंत आहेत, पांढरेशुभ्र. ते वाळायला मोकळे सोडून तिची खुर्ची खिडकीशी लावायची आणि मी बाजाराला जायचं, असा आमचा शिरस्ता. डोकं हलकं झालं की भूक लागते, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले होते.

एका शनिवारी आभाळ भरून आलं म्हणून मी लवकर परतले. आमच्या फाटकासमोर वीस-पंचवीस माणसं उभी होती. पुढे काळा कुर्ता घातलेला, हातात कंदील घेतलेला एक माणूस. शहरातल्या जुन्या वस्त्यांत भुतांच्या जागा दाखवत फिरवणारे गाइड असतात, हे मी ऐकून होते. आयटीतली मुलं त्यासाठी रांगा लावतात म्हणे. तो इंग्रजीत, आवाज खाली आणून सांगत होता की या घरात एका गोऱ्या अधिकाऱ्याची बायको राहायची. नवरा लढाईवर गेला तो आलाच नाही. अजून दर शनिवारी ती केस मोकळे सोडून खिडकीत बसते आणि त्याची वाट बघते.

माझं टाळकंच सटकलं. आधी कंदीलवाल्याला धरायचं आणि मग बाकीच्यांना, असं ठरवून मी गर्दीत घुसले. कोपर लागलं, भाजीची पिशवी लागली, तरी कुणी माझ्याकडे वळून बघितलं नाही. सगळ्यांच्या माना वर. एकाचाही फोन वाजत नव्हता. बंगळुरात इतकी वर्षं काढून अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग मीही वर बघितलं.

खिडकीत आई होती. आईच आहे हे मला ठाऊक होतं, त्या केसांना दुपारी शिकेकाई मीच लावली होती. तरी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मागे देवाजवळच्या दिव्याचा पिवळा उजेड, त्यात केसांची कड तेवढी उजळलेली, चेहरा सावलीत आणि त्या सावलीत दोन डोळे. ती खाली बघत होती. एकेका चेह‍ऱ्यावरून सावकाश नजर फिरवत होती, आणि जिथे नजर जाईल तिथला माणूस श्वास धरून उभा राहत होता. उशा लावूनही उजवीकडे कलणारी तिची पाठ सरळ होती.

कित्येक महिन्यांत मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. चादर ओली आहे का, पाठ सोलवटली का, गोळी गिळली का, हे बघत होते. खालून जी दिसत होती ती कुणीतरी फार मोठी बाई होती, आम्हां सगळ्यांच्या आधीपासून इथे असलेली, आम्हां सगळ्यांना ओळखणारी. मला तिची भीती वाटली आणि तिच्यापुढे वाकावंसं वाटलं, दोन्ही एकदमच. जिच्या पोटी जन्मले तिच्याबद्दल असं काही वाटू शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मंडळी पुढे निघाली तेव्हा मी भानावर आले आणि गाइडला कोपऱ्यावर गाठलं. सुरुवात कन्नडमध्ये केली, पण राग आला की माझी जीभ मराठीवर येते.

"ती माझी आई आहे. जित्या माणसाला भूत करून दाखवायलाय? जरा तरी लाज वाटते काय?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "चुकलं ओ अक्का," तोही मराठीतच म्हणाला. निपाणीकडचा निघाला. "पलीकडं एक बंगला होता, त्याचं भूत सांगत होतो मी. बंगला पाडला. मग तीच गोष्ट तुमच्या घराला लावली. खाली कुलूप बघून वाटलं, कोण राहत नाही. आणि पहिल्याच दिवशी ह्या खिडकीत दिसल्या. मग दर शनवारी दिसायल्या. खरं सांगतो, मलाच स्वल्प भ्या वाटायचं."

"परत ह्या गल्लीत दिसू नका," मी म्हटलं. त्यानं कंदील खाली धरून मान हलवली.

पुढच्या शनिवारी मी बाजाराला गेलेच नाही. आईला न्हाऊ घातलं, केस मोकळे सोडले, खुर्ची लावली. दिवेलागण झाली तशी ती सावरून बसली आणि गल्लीच्या तोंडाकडे बघू लागली. स्कूटर गेली, बेकरीवाल्यानं फळी आत घेतली, कुत्री भांडली. आणखी कुणी आलं नाही. तिची पाठ हळूहळू उजवीकडे कलत गेली. त्या रात्री दात घट्ट. दुसऱ्या दिवशीही आणि तिसऱ्याही. मग पाणीसुद्धा ओठांच्या कडेनं बाहेर येऊ लागलं, आणि डॉक्टर नाकातून नळी घालायची भाषा बोलू लागले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आणि खरं सांगायचं तर आधी मला माझंच वाईट वाटलं. राबते मी, आणि ही जेवणार परक्यांसाठी. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. पण आईनं आयुष्यभर बेळगावच्या मराठी शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले. समोर चेह‍ऱ्यांच्या रांगा असल्याशिवाय तिचा दिवस कधी उजाडला नव्हता. इथे माझा एकच चेहरा, तोही सदा चिडलेला, आणि त्या चेह‍ऱ्यासमोर ती फक्त पेशंट. खाली ती माणसं जमली की ती कुणीतरी होती.

मी तिच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले.

"आई, ती माणसं तुला भूत म्हणतात. भूत बघायचं म्हणून येतात. बोलवू परत?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठांची डावी कड वर गेली आणि घशातून गुरगुरल्यासारखा आवाज आला. मी घाबरून पाण्याचा पेला उचलला. ती हसते आहे, हे कळायला मला थोडा वेळच लागला. हसून झाल्यावर तिनं होकाराची मान हलवली, एकदा, स्पष्ट.

बेकरीवाल्याकडून नंबर घेऊन मी गाइडला फोन केला. उचलल्या उचलल्या तो माफी मागू लागला. मी परत भांडायलाच फोन केलाय असं त्याला वाटलं असावं.

"सरी, बरं अक्का, येतो," तो शेवटी म्हणाला. "पण आता काय सांगू मी लोकांस्नी?"

"काही सांगू नका. नुसते उभे राहा."

शनिवारी मी खाली उतरून फाटकाबाहेर त्यांच्यात जाऊन उभी राहिले. भुरभुर पाऊस पडून गेला होता, झाडावरून थेंब गळत होते. गाइडनं कंदील उंच केला आणि खरंच एक शब्द बोलला नाही. कुणीतरी वर बघितलं, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. पुन्हा तीच शांतता. माझ्या शेजारच्या मुलीनं अनोळखी असूनही माझा दंड धरला, आणि मला तिचा हात हवासा वाटला. वर आई एकेका चेह‍ऱ्यावरून नजर फिरवत होती. पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत, कुणालाही न वगळता.

मग तिचा डावा हात मांडीवरून उचलला गेला. तळवा खाली करून तिनं तो खिडकीबाहेर धरला आणि सावकाश खाली आणला.

"बसा," आई म्हणाली.

घोगरा, फाटका, शेवटी ओढल्यासारखा आवाज. पण तिचा. झटका आल्यापासून मी तो ऐकला नव्हता, आणि आता ऐकायला मिळणार नाही असं मनातल्या मनात मानूनही टाकलं होतं.

गाइड कंदिलासकट फूटपाथवर फतकल मारून खाली बसला. त्यानं विचार केलाच नाही, त्याचे गुडघे आपसूक वाकले. तो बसला म्हणजे बसायचं असतं असं बाकीच्यांना वाटलं असावं. जीन्स घातलेली, पाठीला बॅगा लावलेली ती सगळी माणसं ओल्या फरशीवर एकामागून एक खाली बसली. माझा दंड धरलेली मुलगीही बसली. कुणी हसलं नाही.

उभी राहिले मी एकटी. आईची नजर माझ्यावर आली आणि तिथेच थांबली. हात पुन्हा वर झाला.

मी खाली बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक गळत होतं, आणि तशीच मी हाताची घडी घातली.