बिनगरजेचं सरपण

माझ्या सासूबाई विदोसावा कुणाला मदत करत नाहीत. म्हणजे करतात, पण तिला मदत म्हणू देत नाहीत. शेजारी डुक्कर कापायच्या दिवशी सकाळपासून उभ्या राहिल्या, तरी निघताना दारातच सांगून येतात, की आमच्या कोबीचं पिंप भरायचंय, तुमच्या सुनेला पाठवा. आमच्या डोंगरात सगळीकडेच सावड चालते, आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. पण सासूबाईंनी तिचा पार धर्म करून टाकलाय. फुकट घेतलं की घेणाऱ्याची मान खाली जाते आणि मग तो दारात यायचा बंद होतो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा धाकटा भाऊ मिलोये त्याच माळेतला मणी. मामा ओढ्यापलीकडे वरच्या अंगाला एकटे राहतात. मामी गेल्यावर गावाने जेवणाचे डबे पाठवले, तर यांनी प्रत्येक डबा अक्रोड भरून परत केला. त्या शरदात आमच्याकडे इतके अक्रोड झाले होते की मी लोणचं सोडून सगळ्यात घातले.

दरवर्षी प्लमची दारू, राकिया, गाळून झाली की लाकडं. शुक्रवारी आमची, शनिवारी मामांची. ट्रॅक्टरवाला गोल करवत घेऊन येतो, कानठळ्या बसवत ओंडक्यांचे तुकडे करतो आणि पेलाभर राकिया मारून पुढच्या घरी जातो. फोडायचं काम घरच्यांचं. सासूबाई तुकडा उभा करतात, हात काढतात, आणि त्यांचा हात निघतोय तोवर मामांची कुऱ्हाड खाली आलेली असते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. मी नवी नवरी, मला वाटलं आज या घरात बोटं गोळा करावी लागणार. मामांचा गुडघा वाकत नाही, सासूबाईंच्या खांद्याला कुऱ्हाड झेपत नाही.

"आम्हा दोघांत मिळून एक धड माणूस निघतो," मामा म्हणतात.

"धड तेवढं तुझं," सासूबाई म्हणतात. "डोकं माझं."

तर गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी मामांची मुलगी स्लावित्सा त्यांना गुडघा दाखवायला व्हिएन्नाला, आपल्या घरी, घेऊन गेली. त्याच दिवसांत माझ्या नवऱ्याला, राडेन्कोला, कुठून कोण जाणे अवदसा आठवली. त्याने स्वयंपाकघरातली जुनी लोखंडी चूल भंगारवाल्याला देऊन टाकली आणि पेलेटची शेगडी आणली. भुशाच्या कांड्या तिच्या पोटात ओतायच्या, बटण दाबायचं, की ती आपणहून पेटते, आपणहून विझते, पंख्याने गरम हवा फेकते. लाकूड नाही, राख नाही, ढलप्या नाहीत. सासूबाईंनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, "ही तर तुझ्यापेक्षा कामाची आहे रे." मी मनातून खूश होते. लाकडांची रास रचून माझी पाठ दर वर्षी आठवडाभर धरते.

मामा परत आले ते फाटकातच थांबले. काठी नव्हती, पण पाय अजून तसाच ताठ होता.

"गुडघ्याचं काय म्हणतात?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणतात गुडघा आहे." मामांनी टोपी मागे सारली. "स्लावित्साचं चालू झालंय. म्हणे या हिवाळ्यात लाकडं जमली नाहीत तर घराला कुलूप आणि मी व्हिएन्नाला. मी म्हटलं, लाकडं न जमायला काय झालं, ताई आहे ना सावडीला. माझी लाकडं येतायत. तुझी कधी?"

मी तोंड उघडलं, आता सांगून टाकावं म्हणून. सासूबाईंनी माझा पाय असा तुडवला की ते तसंच मिटलं.

"पुढच्या शुक्रवारी," त्या म्हणाल्या.

रात्रीच्या जेवणाला राडेन्कोला कळलं आणि त्याच्या हातातली भाकरी ताटात पडली. "आई, आपल्याला एक काडी लागत नाही. तू बुकवाच्या लाकडांचा ट्रक मागवलास?"

"छोटा ट्रक."

"मामाला सरळ सांग ना, तुझी लाकडं फोडायला आम्ही येतो म्हणून."

"सांगते. तो म्हणेल, कशाला, मी बघतो. आणि बघतच बसेल. तुझ्या हातून घेईल तो? दाराला आतून कडी लावेल." त्यांनी ताट बाजूला सारलं. "मग डिसेंबरात स्लावित्सा येईल नि घेऊन जाईल. बसेल मग तिसऱ्या मजल्यावर ट्राम बघत. मला एकच भाऊ आहे, राडेन्को."

माझ्या नवऱ्याने पडलेली भाकरी उचलली आणि खाली मान घालून खायला लागला. मला राग मात्र आला, कारण रास पुन्हा मलाच रचायची होती.

बुकवा आली. राडेन्कोची गाडी गॅरेजबाहेर दवात गेली आणि लाकडांसाठी गॅरेज रिकामं झालं. राहिली शेगडी. ती उचलून लपवायची तर चार माणसं लागतील आणि चार माणसांना कळलं की गावाला कळलं. म्हणून सासूबाईंनी पेटीतून आपल्या लग्नातलं गुलाबांचं भरतकाम केलेलं टेबलावरचं कापड काढलं, शेगडीला नखशिखांत नेसवलं आणि वर जिरेनियमच्या दोन कुंड्या ठेवल्या.

"विचारलं तर जुनी चूल सांधायला दिलीय," त्यांनी आम्हाला पढवलं, "आणि हे कपाट आहे. राडेन्को, प्लग काढलास?"

"काढला."

शुक्रवारी हवा कोरडी आणि थंड होती. मामा उजाडताच आले, स्वतःची कुऱ्हाड खांद्यावर टाकून. करवतवाला गेल्यावर दोघं सुरू झाले. ठेवलं, फुटलं. ठेवलं, फुटलं. मी ढलप्या ढकलगाडीत भरून गॅरेजात नेत होते, राडेन्को रचत होता, आणि त्याची भिंत दर वेळी पोटाकडे फुगत होती.

"मामा, हा कोपरा बघता का?"

"बघितला. गरोदर आहे. पाडून परत रच."

सासूबाई हसता हसता ओंडका धरायला विसरल्या, आणि मामांनी कुऱ्हाड अर्ध्यातच थांबवली. "ताई, हसायचं तर बाजूला हो. तुझी बोटं तुटली तर उद्या माझ्याकडे कोण येणार?" त्या लगेच गप्प झाल्या आणि ओंडका नीट उभा केला. खरं सांगते, मला त्या दिवशी पाठ दुखल्याचं आठवत नाही. भावाबहिणींना तसं काम करताना पाहिलं की आपणही उगीच दोन ढलप्या जास्त उचलतो.

ऊन डोंगराआड गेलं तेव्हा शेवटचा तुकडा फुटला. आम्ही जेवायला बसलो. धुरावलेल्या बरगड्या घातलेली राजम्याची उसळ होती, चीज भरलेली गिबानित्सा होती. मामा नेमके कपाटाकडे पाठ करून बसले. त्यांनी चुलीबद्दल विचारलं, सासूबाईंनी सांधणाऱ्याला दोन शिव्या घातल्या, सगळं सुरळीत चाललं होतं.

तेवढ्यात कपाटाने शीळ घातली.

राडेन्कोने शेगडीला ऊन गेल्यावर पेटायची वेळ लावून ठेवलेली होती. मी त्याच्याकडे पाहिलं, तो फ्रिजकडे पाहत होता. फ्रिजवरचा बारका दिवा बंद होता. हुशार माणसाने शेगडीऐवजी फ्रिजचा प्लग काढला होता.

आधी घरघर झाली, मग पंखा लागला आणि गुलाबांचं कापड हळूहळू फुगायला लागलं. मामांच्या मानेवरचे पांढरे केस हलले. ते उसळ खात राहिले.

"बाहेर वारा सुटलाय," सासूबाई म्हणाल्या.

"सुटलाय खरा," मामा म्हणाले. "उबदार आहे."

मग कापड तापल्याचा वास यायला लागला. मी उठणार तेवढ्यात मामाच उठले. त्यांनी दोन्ही कुंड्या खिडकीत ठेवल्या, कापड काढलं, त्याची नीट घडी घालून बहिणीच्या मांडीवर ठेवलं, आणि काचेआडच्या ज्वाळेकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि बाहेर गेले.

सासूबाई माझ्या लग्नापासून कुणाच्या मागे धावलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्या दिवशी धावल्या, पायात चपला न घालता. आम्ही मागोमाग जाऊन गॅरेजच्या दारात थांबलो.

मामा गॅरेजात होते. दिवसभर फोडलेली बुकवा छतापर्यंत लागली होती. त्यांनी एक ढलपी काढून नाकाशी धरली.

"हे सगळं कशासाठी मागवलंस, ताई?"

आता त्या काहीतरी बनवून सांगतील असं मला वाटलं. त्यांना बनवून सांगता येतं, या घरात सगळे त्यावरच वाढलेत.

"तू जाऊ नयेस म्हणून," त्या म्हणाल्या. "तू सरळ मागणार नाहीस. मी सरळ देऊ केलं तर घेणार नाहीस. मग मी काय करू? मी आता म्हातारी झालेय, मिलोये. मला तू इथेच हवायस."

मामांनी ढलपी राशीत जिथली होती तिथे परत सारली आणि तळहाताने ठोकून सरळ केली. मला धाकधूक होती की आता ते म्हणतील, उद्याचं राहू दे, मी बघतो.

"मग अर्धाच ट्रक मागवायचा ना," ते म्हणाले. "माझी कंबर कामातून गेली."

सासूबाईंनी पदरासारखा एप्रन वर करून डोळे पुसले आणि लगेच ओरडल्या, "कंबर तुझी, आणि अनवाणी कोण उभं आहे?"

"उद्या सातला ये," मामा म्हणाले. "सात म्हणजे सात. सुनेलाही आण, ती राडेन्कोपेक्षा बरं रचते." ते फाटकापर्यंत गेले, कुऱ्हाड खांद्यावर घेतली, आणि वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी बुकवा नको. नुसतं बघितलं तरी फुटते. ग्राबचं लाकूड मागव, चिवट, गाठीचं."

ते ओढा ओलांडून दिसेनासे होईपर्यंत सासूबाई फाटकाला धरून होत्या. मग आत आल्या, शेगडीपुढे आपले थंडगार पाय धरले आणि मुलाला म्हणाल्या, "राडेन्को, गाडीचं काय करायचं ते बघून ठेव. पुढच्या वर्षीही तिला जागा नाही."