इंदूचा खेकडा

परवा दवनीवाड्याच्या धानाच्या बांधीत, पाणी अडवणाऱ्या मातीच्या धुऱ्यातलं खेकड्याचं बीळ बुजवता बुजवता मी माझी एक चप्पलच त्यात लिंपून टाकली. ती काढायला धुरा पुन्हा फोडला, तेव्हा चिखलातून मासळीसारखा ओला वास आला आणि मी थेट पुरीच्या समुद्रावर जाऊन पोचलो.

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली असतील. गेलो होतो देवदर्शनाला, पण पोरं वाळूतच रमली. माझ्या धाकट्या इंदूनं एक लाल खेकडा पकडून वाळूच्या खड्ड्यात ठेवला. तो तिला संध्याकाळच्या गाडीनं घरी न्यायचा होता. तेवढ्यात भरती चढू लागली.

“भिऊ नको,” मी म्हणालो. “तुझ्या बापाच्या धुऱ्यातून थेंब जात नाही.”

धोतर खोचून मी खड्ड्याभोवती वाळूचा धुरा घातला, पायानं चांगला चोपला. लाट आली आणि तो बसला. मग आणखी जाड घातला. इंदू खेकड्याकडे बघतच नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती. पुढच्या लाटेनं धुरा, खड्डा, खेकडा सगळंच नेलं.

“बाबा, पाणी काऊन नाही थांबून राहिलं तुमच्यानं?”

असं म्हणून ती रडू लागली. पोरगी खेकड्यासाठी रडते आहे, असं तेव्हा वाटलं. आता तसं वाटत नाही.

धर्मशाळेत माझ्या धोतरातली वाळू झटकताना बायको म्हणाली, “अजी, घरी धुरा फोडते म्हणून खेकडा दिसला का ठेचता. अन् इथं त्याच्यासाठीच धुरे घालून राहिले होते.”