एकदाच हाक

वाइबेले गावात माणूस जमिनीवर मेला की लोक पेटीसाठी सुताराकडे जायचे, आणि समुद्रात गेला की सुबानकडे यायचे. सुबान लंगडा. तरुणपणी भाल्याचा दोर पायाला आवळला, गुडघ्याखाली पाय कामातून गेला, आणि तेव्हापासून तो होडीत चढला नाही. पण किनारा त्याचा होता. फटफटलं की काठी टेकत तो पूर्वेच्या खडकांपलीकडे जायचा, भरतीनं काय काय आणून टाकलंय ते बघायला. लाकडं, फाटकी जाळी, कुठल्या कुठल्या शहरांतून वाहत आलेल्या एकेक चपला. जोडी कधीच नाही. चपला दाखवून तो म्हणायचा, "बघा, तिकडंही सगळे माझ्यासारखेच आहेत."

आणि कधीतरी तो शंख मिळायचा. अंड्याच्या टरफलासारखा पातळ, पांढरा, पाठीवर तांबूस पट्टे. ज्याचं प्रेत सापडत नाही त्याच्या जागी हा शंख पुरायचा, ही वाइबेलेची रीत. विकतचा चालत नाही, माणूस जायच्या आधी सापडलेलाही चालत नाही. समुद्रानं माणूस नेला तर बदल्यात समुद्रानंच काहीतरी काढून द्यायला हवं. मग आईनं किंवा बापानं किनाऱ्यावर उभं राहून शंखाच्या तोंडाशी गेलेल्याच्या नावानं हाक मारायची. एकदाच. त्या हाकेसरशी तो येतो आणि शंखात शिरतो. मग त्याला कापडात गुंडाळून चर्चमागे वीतभर खड्ड्यात निजवायचं, फादरनं प्रार्थना म्हणायची, ताडी प्यायची, रडून घ्यायचं. दुसरी हाक मात्र मारायची नाही. आत शिरलेला 'कोण बोलावतंय' म्हणून पुन्हा बाहेर पडतो आणि ना घरचा ना पाण्याचा होऊन बसतो.

या बाबतीत सुबान भारी कडक. बारेक नावाच्या विधवेचा मुलगा वादळात गेला, तेव्हा शंख सुबाननंच शोधून दिला होता. बारेकनं हाक मारली, आणि तिचं तोंड पुन्हा उघडलं. सुबाननं काठी खडकावर आपटली.

"तोंड मीट, बारेक! एकदा म्हणजे एकदा. पोराला अधांतरी लटकवणार आहेस का?"

बारेकनं मूठ तोंडात कोंबली. त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. वाटेत दिसला की मान फिरवून विड्याची लाल पिंक टाकायची. वडीलधाऱ्याला वाइबेलेत आमा म्हणत; लोक म्हणायचे, आमा सुबानचं चुकलं नाही, पण त्याच्या जिभेला हाड नाही.

सुबानला एकच मुलगा, नादुस. होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, उभा राहून भाला मारणारा, भाल्याबरोबर स्वतःही पाण्यात उडी घेणारा. ओसे ही त्याची बायको डोंगरातली. आठवड्याच्या बाजारात डोंगरातल्या बायका मका आणि केळी घेऊन उतरायच्या, वाइबेलेच्या बायका सुकी मासळी घेऊन बसायच्या, आणि मालावर माल बदलायचा. मासळीच्या एका पट्टीला पसाभर मका, हा बापजाद्यांचा भाव. आईच्या शेजारी बसलेल्या नादुसनं ओसेला पसाभर मक्यापायी अख्खा मासा काढून दिला. त्याची आई केवा बाजारातच ओरडली, "अरे मेल्या, एका पोरीपायी सगळ्या बायकांचा भाव बिघडवलास!" पुढे लग्नात ती हीच गोष्ट सगळ्यांना हसून हसून सांगत होती.

नादुस गेला तो स्वच्छ उन्हात. चादरीसारखा पसरलेला मोठा पंखमासा दिसला, त्यानं भाला घेऊन उडी मारली, आणि दोराचा फास त्याच्या पायात बसला. बापाचा पाय घेऊन समुद्राचं भागलं नव्हतं. होडीतल्यांनी दोर ओढला. दोर वर आला, नादुस आला नाही.

संध्याकाळी गाव सुबानच्या अंगणात बसलं. शेवटी होडीचा म्हातारा तांडेल म्हणाला, "आमा, आता शोधायचंही तुम्हालाच."

दुसऱ्याच दिवशी फटफटताना शंख सापडला. खडकांच्या बेचक्यात, ओल्या वाळूवर, कुणी ठेवून गेल्यासारखा. कुठं टवका नाही, चीर नाही. एवढा अख्खा शंख सुबाननं जन्मात पाहिला नव्हता. तो त्याच्या शेजारी बसला. मग त्यानं तो सदऱ्याखाली घातला, घरी नेला आणि मक्याच्या टोपलीत तळाशी खुपसून ठेवला.

"मिळाला?" लोकांनी विचारलं.

"समुद्र देत नाही," तो म्हणाला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! साऱ्या गावाच्या आयांना ज्यानं काळजाचा दगड करायला लावलं, त्याला स्वतःच्या वेळी ते जमेना. शंख पुरला नाही तोवर पोरगं मेलं नाही, एवढंच त्यानं धरून ठेवलं होतं. रोज तो काठी टेकत किनाऱ्यावर जायचा आणि रोज हात हलवत परत यायचा.

आणि तिकडे ओसे. शंख पुरला जाईपर्यंत गेलेल्याच्या बायकोनं समुद्राकडे तोंड करून चटईवर बसायचं, केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, पाण्यातलं काही खायचं नाही. मासळीच्या गावात मासळी सोडली तर उरतं काय? दगडानं चेचलेले मक्याचे पोहे आणि नारळाचा तुकडा. वारा फिरला, डोंगर पिवळा पडला, तरी ती बसूनच. गालांची हाडं वर आली. माहेराहून भाऊ तिला न्यायला आला आणि एकटाच परत गेला, कारण न पुरलेल्या माणसाची बायको नेता येत नाही. सुबानला हे दिसत नव्हतं असं नाही. तो घरात शिरताना तिच्या बाजूचा डोळा मिटून शिरायचा.

एका दुपारी ओसे चटईवरून उठली आणि कुणाला न सांगता किनाऱ्यावर गेली. परत आली तेव्हा लुंगीच्या ओच्यात काहीतरी होतं. अंगणात सुबान जाळं तुणत बसला होता, शेजारच्या बायका मका चेचत होत्या. तिनं ते त्याच्यापुढे ठेवलं.

"आमा, हा चालेल का?"

साधं गोगलगायीचं कवच होतं ते, मोठं, ओबडधोबड, खडकाखडकाला चिकटलेलं असतं तसलं. तेवढ्यात त्याच्यातून खेकड्याचे पाय बाहेर आले आणि ते तुरुतुरु चालायला लागलं. बायकांना हसू फुटलं. "अगं ओसे, तुझा नवरा निघाला बघ मासेमारीला!" एक म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिनं जीभ चावली. ओसे रागावली नाही.

"मी डोंगरातली, मला कुठं कळतंय," ती म्हणाली. "तुम्हाला मिळत नाही, म्हणून म्हटलं आपणच बघावं. मला सुटायचंय म्हणून नाही हो, आमा. मी बसेन अशीच. पण तो उघड्यावर आहे. त्याला अंगावर घ्यायलाही काही नाही."

सुबानच्या हातातलं जाळं गळून पडलं. तो काठी विसरून, भिंतीला धरत धरत घरात गेला. केवा खाली बसलेली होती. टोपलीतला मका तिनं जमिनीवर ओतून काढला होता आणि शंख लुंगीच्या टोकानं ती पुसत होती.

"तुला माहीत होतं?"

"रोज त्याच टोपलीत हात घालते मी, म्हाताऱ्या. मका काढायचा आणि त्याच्यावर पुन्हा झाकायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास?" केवा म्हणाली, आणि मग दोघं तिथंच, सांडलेल्या मक्यात बसून रडली.

संध्याकाळच्या उन्हात सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. ओसेनं नादुसचा निळा सदरा हातावर अंथरून धरला होता. सुबान पाण्यात घोट्यापर्यंत उभा राहिला आणि शंख त्यानं तोंडाशी नेला. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं काम. शेवटी आवाज निघाला, तो मुलाला जेवायला बोलावतानाचा, रोजचा.

"नादुस!"

लाट आली, गेली. सगळ्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली. ओसेनं सदरा पुढे केला. सुबाननं शंख खाली घेतलाच नाही.

"नादुस, अरे नादुस!"

पोरं आयांना बिलगली. तांडेल कुजबुजला, "दोनदा झालं. आता कसं व्हायचं?"

"काय दोनदा?" मागून बारेक बोलली. गर्दीतून वाट काढत ती पुढे आली. "माझे कान अजून शाबूत आहेत. एकदाच मारली. कुणाला जास्त ऐकू आलं असेल तर त्यानं समोर यावं."

कुणी समोर आलं नाही. बारेक सरळ पाण्यात शिरली. सुबानच्या हातातला शंख तिनं हलकेच काढून घेतला आणि शंखाच्या तोंडावर आपला तळवा घट्ट दाबला, आतलं बाहेर पडू नये म्हणून. चर्चपर्यंत तिनं तो हात काढला नाही.