वळणावरचा माणूस

सीटवाली बाई रागावली की तिचा आवाज चढत नाही. हात मंद होतात. दाभण रेक्झिनमध्ये अर्धं घालून ती थांबते, समोरच्याकडे बघते, आणि मग उरलेलं अर्धं सावकाश ओढून घेते. हे एकदा पाहिलेलं गिऱ्हाईक पुन्हा कधी "उद्यापर्यंत द्याच" म्हणत नाही.

दुकान दहा बाय बाराचं. दारात मोटरसायकलींच्या सीटांचे उघडे सांगाडे, आत स्पंजाच्या लाद्या, रेक्झिनचे गुंडाळे आणि पायाचं शिलाई मशीन. वीस वर्षं ती सीटा शिवते आहे. कुणाचीही सीट पुढे टाका. ती तळहात फिरवते आणि सांगते, हा डावीकडे कलून बसतो, याच्या मागे रोज कुणीतरी जड बसतं, हा घाबरून ब्रेक मारतो, म्हणून पुढे घसरून टाकीला चिकटतो. आजवर एकालाही "तसं नाही हो" म्हणता आलेलं नाही.

शिवून झालेली सीट नीट बसली का, हे बघायला ती गिऱ्हाइकाची गाडी गल्लीच्या टोकापर्यंत चालवायची. पुढे ते टोक लांब लांब जात राहिलं. मग तिनं स्वतःची गाडी बांधायला घेतली. इंजीन एका भंगाराचं, चेसिस दुसऱ्याचं, पुढचं चाक तिसऱ्याचं. दोन वर्षं दुकानामागच्या पत्र्याखाली ती घासत, कापत, जुळवत बसली. शेजारचा गॅरेजवाला येता-जाता विचारायचा, "काय वहिनी, आज कुठला अवयव बसवला?" ज्या दिवशी गाडी चालू झाली त्या दिवशी असा काही आवाज फुटला की तिचा नवरा तोंडाला साबण तसाच घेऊन बाहेर धावत आला. नवरा पाण्याच्या पंपावर कामाला आहे. भला माणूस, पण गाडीवर मागे बसला की डोळे मिटून घेतो. "लोकांच्या बायका म्हणतात, जरा हळू," तो सांगतो, "आमच्या घरात ते मला म्हणावं लागतं."

दर रविवारी सकाळी सात जण आपापल्या गाड्या घेऊन फेरीला निघायचे. त्यांतले सगळ्यात वडील म्हणजे निवृत्त पोस्टमन. त्यांना सगळे काका म्हणत. त्यांची गाडी जुनी, टू-स्ट्रोक, निळा धूर सोडत पोक काढून चालणारी. वळणाचा नियम काकांनीच घालून दिला. रस्ता जिथे फुटतो तिथे पुढच्यानं थांबायचं, मागचा दिसला की त्याला हातानं वाट दाखवायची आणि मगच निघायचं. प्रत्येकानं फक्त आपल्या मागच्या एकट्याची काळजी करायची. आणि फाट्यावर कुणीच उभं नसेल, तर समजायचं की वळायचं नाही, सरळ जायचं. अकरा वर्षांत एकही माणूस हरवला नाही. सगळ्यांच्या शेवटी हत्यारांची पिशवी घेऊन सीटवाली असायची. त्या जागेला ते शेपूट म्हणत, आणि ती जागा तिनं कुणाला दिली नव्हती.

मग कप्तान आला. फरशांच्या दुकानाचा मालक, पस्तिशीचा, गोड बोलणारा. त्याच्यामुळे सातांचे बावीस झाले. सगळ्यांना एकसारखी जाकिटं आली, हेल्मेटवर कॅमेरे आले, आणि रविवारच्या फेरीला वेळापत्रक आलं. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याला पोचायची घाई होती, एवढंच.

त्या रविवारी तळ्याकाठी चार गावांच्या मोटरसायकलवाल्यांचा मेळावा होता. निघताना कप्तान म्हणाला, "वहिनी, आज तुम्ही पुढे, माझ्या लगेच मागे. बाई पुढे असली की व्हिडिओ लोक बघतात."

"आणि शेपटाला कोण?"

"काका आहेतच की. रस्ता सगळ्यांच्या फोनवर टाकलाय."

काका हसून म्हणाले, "जा गं पोरी. मी काय, हळूच येणार."

ती गेली. त्यासाठी ती स्वतःला अजून माफ करत नाही.

तळ्याकाठी झाडांच्या सावलीत गाड्या ओळीनं लागल्या. कप्तान सगळ्यांना फोटोसाठी हाका मारत होता. सीटवाली ओळीतून चालत निघाली, सवयीनं सीटांवर हात ठेवत. यातल्या बहुतेक सीटा तिनंच शिवलेल्या. ही तपकिरी, ही दुहेरी टाक्यांची, ही बेकरीवाल्याची, जिचा स्पंज वर्षातून दोनदा बदलावा लागतो. ओळ संपली. दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी असलेली काळी सीट हाताला लागली नाही.

"काका कुठायत?"

कुणी म्हणालं, येतीलच. कुणी म्हणालं, पाणी प्यायला थांबले असतील.

"काकांच्या पुढे कोण होतं?"

बेकरीवाला पुढे आला. अवाढव्य माणूस, एरवी सगळ्यांना हसवणारा. "मी होतो. खाणीच्या फाट्यावर उभा होतो, वहिनी. पाच-सात मिनिटं. मग कप्तानाचा फोन आला, फोटो खोळंबलाय, ये म्हणून. म्हणाला, काकांकडे रस्ता आहे."

तिनं पुढचं ऐकलंच नाही. गाडी वळवली आणि आलेल्या वाटेनं निघाली.

तळ्याकडे येताना फाट्यावर उजवीकडे वळावं लागतं. सरळ जाणारा रस्ता दगडाच्या खाणीत उतरतो, आणि रविवारी खाण बंद असते. उतारावर खडी पसरलेली. तिथे काकांची गाडी आडवी पडली होती, आणि काका एका दगडावर बसले होते. उजव्या पायातला बूट काढून त्यांनी शेजारी नीट ठेवला होता. घोटा दुप्पट झाला होता. फोनला रेंज नव्हती. पाऊण तास ते तिथे उन्हात बसून होते.

"वळणावर कुणी नव्हतं," काका म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. पत्ता चुकला तर चुकला, अशा आवाजात म्हणाले. "म्हणून मी सरळ आलो."

सीटवाली गाडीवरून उतरली. तिनं गळ्यातला रुमाल पाण्यात भिजवून घोट्याला घट्ट बांधला, काकांना आपल्या मागे बसवलं आणि इतक्या हळू निघाली, की वाटेत एक सायकलवाला त्यांना ओलांडून गेला.

तळ्याकाठी भाषणं चालू होती. मेळाव्यात एक डॉक्टर होता, त्यानं पाय दाबून पाहिला. हाड शाबूत होतं. कप्तान धावत आला. खुर्ची आणली, पाणी आणलं, काकांच्या खांद्यावर हात ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, आता पुरे करा ही दगदग. पुढच्या वेळेपासून तुम्ही सामानाच्या जीपमध्ये बसा. मान तोच राहील. काय मंडळी?"

मंडळींनी माना हलवल्या. काकांनी पायाकडे बघितलं. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा."

तिथे तिचे हात मंद झाले. अंगातलं जाकीट तिनं काढलं, एक एक बटण करत.

"खोळंबा कुणामुळे? हा माणूस चुकला? अरे, तुमच्यातला हा एकटाच बरोबर चालला! फाट्यावर माणूस नाही म्हणजे सरळ जायचं, हा आपला नियम. तू माणूस उचललास कप्तान, आणि यांना खाणीत धाडलंस!"

"वहिनी, मी मुद्दाम केलं का? नकाशा बघायला हवा होता ना त्यांनी. तुम्ही उगाच..."

"उगाच? उतारावर पडायच्या ऐवजी खाली खाणीच्या खड्ड्यात गेले असते, तरी उगाच? तुझा फोटो आला ना पण? बावीस जाकिटं. मोजली का कुणी? एकानं तरी मोजली?"

"चारचौघांत हे बोलणं बरं नाही."

"चारचौघांतच बोलणार. म्हातारा पडला तुझ्या चुकीनं, आणि जीपमध्ये बसवतोस त्याला? वर मान देतोस?"

कप्तानाचं तोंड लाल झालं. "मग तुम्हीच चालवा ग्रुप. आम्हाला गोगलगायींची मिरवणूक काढायची नाही."

"घे हे." तिनं जाकीट त्याच्या सीटवर टाकलं. "आणि ती सीट फाटली की दुसरा शिंपी शोध."

 मग बेकरीवाल्यानं आपलं जाकीट उतरवायला घेतलं. ते पोटावर इतकं घट्ट होतं की दोघांना ओढावं लागलं, आणि तरी कुणी हसलं नाही. जुन्यांतले आणखी चार जण तिच्या बाजूला आले. बाकीचे कप्तानापाशी राहिले. काकांची गाडी खाणीतून वर ढकलत आणली ती बेकरीवाल्यानं, एकट्यानं, कुणाला हात लावू न देता. त्याला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

पाय तीन आठवड्यांत बरा झाला. काका मात्र आले नाहीत. चौथ्या रविवारी नाहीत, पाचव्याला नाहीत. सहाव्या रविवारी सकाळी सीटवाली त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. मागे पाच गाड्या. काका ओट्यावर पेपर वाचत होते. गाडीवर चादर टाकलेली.

"विकायची म्हणतोय," काका म्हणाले. "सून म्हणते, जागा अडते."

"सून म्हणते की तुम्ही म्हणता?"

काकांनी पेपरची घडी घातली. "पोरी, मी मागे राहतो. तुम्हाला दर फाट्यावर ताटकळत उभं राहावं लागतं. त्या मुलाचं काही अगदीच खोटं नव्हतं."

"मग त्याच्याकडे जा ना, जीपमध्ये बसा!" ती इतक्या जोरात म्हणाली की आतून सून बाहेर आली. "त्याच्याशी मी भांडले, लोकांत वाईट झाले, निम्मी गिऱ्हाइकं तोडली. आणि तुम्ही इथे बसून त्याचीच बाजू घेता? मला राग त्याचा आहे, पण त्याच्याहून जास्त तुमचा आहे. अकरा वर्षं आम्हाला उभं राहायला शिकवलंत. कंटाळलो असतो, तर आम्ही बोललो नसतो?"

"मी बोललो असतो," बेकरीवाला मागून म्हणाला. "मला उन्हाचा फार त्रास होतो."

"तू गप्प!" ती वळून ओरडली.

काका उठले. आधी उजवा पाय टेकवून पाहिला, मग दुसरा. चादर काढली, झटकली, आणि उभी घडी, आडवी घडी करत बसले. सीटवाली कमरेवर हात ठेवून बघत होती. तिचा राग उतरला नव्हता. चेहऱ्यावर तो तसाच होता. काकांनी किक मारली. नाही. पुन्हा मारली. नाही. बेकरीवाला पुढे यायला लागला तसं तिनं हात आडवा घातला.

पाचव्या किकला गाडी खोकली, आणि ओटा, सून, पेपर, सगळं निळ्या धुरात गेलं.

"ऑइल जास्त घालता तुम्ही!" ती धुरातून ओरडली. "किती वेळा सांगायचं?"

"ऐकू येत नाही!" काका म्हणाले, आणि गाडी फाटकाबाहेर काढली.