बारा गिनीपिग आणि शेंगदाण्याचं सुंडल

किस्से आणि गिनीपिग, दोघांचं एकच. खोलीत दोन ठेवा, बघता बघता खोली भरते. कुंभकोणमच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये तेव्हा दोन्ही भरपूर होते.

शाळेतल्या मुलांसाठी शेंगदाण्याच्या पिठाची नवी पेज निघाली होती. पण दाण्यानं काहींचे ओठ सुजतात, श्वास अडकतो. म्हणून दाण्याचं प्रोटीन गिनीपिगला टोचायचं, तीन आठवडे थांबायचं, पुन्हा टोचायचं. ते अंगावर उठणारं असेल, तर दुसऱ्या सुईला जनावर नाक खाजवतं, खोकतं, आडवं होतं.

*

आमचे साहेब डॉक्टर सेतुराव. त्यांचा नियम, जनावरांना नंबर द्यायचे, नावं नाहीत. पिंजरे सांभाळणाऱ्या, तिकडची जुनी मराठी बोलणाऱ्या गोविंदमामांनी बारा जनावरांना बारा तमिळ महिन्यांची नावं ठेवली. डॉक्टर खवळले.

आठवड्यानं मी वही उघडली, तर डॉक्टरांच्याच अक्षरात, 'मार्गळीचं वजन वाढलं. आडी रुसलेली, खात नाही.'

*

मद्रासहून एक बडे साहेब पाहणीला आले. त्यांच्या हातात जनावर ठरेना. मामांनी उचललं की गप्प.

"युक्ती काय?"

"ते भितं साहेब. म्हणून आपण भ्यायचं नाही."

*

दुसऱ्या सुईला मामा मात्र बाहेर जाऊन उभे राहिले. सुया झाल्या आणि बाराही जनावरं निवांत गवत खात बसली. पीठ निर्धोक! डॉक्टरांनी शाळेला तसं पत्र लिहून टाकायला मामांच्या हाती दिलं. मामांची नात त्याच शाळेत होती.

तासाभरानं मामा पत्र तसंच घेऊन परत आले.

"साहेब, पुरट्टासी महिन्याच्या शनिवारीं घरीं देवाला उकडलेल्या शेंगदाण्याचं सुंडल होतं. पहिल्या सुईच्या आधीं चारी शनिवार मी अस्क्या बाराजणांना दिलों. पावम्, मुकीं जनावरं. देवाचा प्रसाद त्यांना न देतां कसा खाऊं? तुमचा नियम मोडलों. आतां पत्र टाकवत नाही."

डॉक्टर खुर्चीत बसले. जे जनावर आधीपासून दाणे खातं, त्याला दाण्याची सुई बहुधा बाधत नाही. सगळा प्रयोग फुकट गेला होता. त्यांनी पत्र फाडलं. मामांची नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो होतो.

"नवी बारा आणा," डॉक्टर एवढंच म्हणाले.

*

नव्यांना मामांनी नावं ठेवली नाहीत. या वेळी सुईसाठी जनावरं त्यांनीच धरली. दुसऱ्या सुईला नऊ गेली. मला अजून वाईट वाटतं. शाळेत दाण्याऐवजी मुगाची पेज गेली.

नऊ जनावरं अरसलार नदीकाठी पुरून, आंघोळ करून मामा ओल्या केसांनीच आले. प्रयोगातून बाद झालेलं जनावर जिवंत ठेवायचं नाही, हाही लॅबचा नियम होता.

"साहेब, पहिल्या बारांचं काय?"

डॉक्टर वहीतून मान वर न काढता म्हणाले, "आज वार कोणता?"

"शनिवार."

डॉक्टरांनी घरून आणलेला डबा पुढे सरकवला. आत शेंगदाण्याचं सुंडल होतं.

"आडीला जरा जास्त घाला," ते म्हणाले.